बंदूक पहिल्यांदा हातात घेण्याआधी: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

रेंजवर पहिल्या दिवशी येणारी माणसं वेगवेगळी असतात, पण त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. कोणाला स्पर्धेत उतरायचं असतं, कोणाला नोकरीसाठी शिकणं भाग असतं, तर कोणाच्या घरी आजोबांच्या वेळची दुनळी असते आणि तिचं काय करावं ते कळत नसतं. इतकी वर्षं शिकवताना हेच प्रश्न ऐकत आलो आहे. त्यांची उत्तरं मी समोरासमोर जशी देतो तशीच इथे लिहिली आहेत. प्रत्यक्ष शिकवणाऱ्याची जागा हे पान घेऊ शकत नाही. पण हे वाचून आलात, तर पहिल्या दिवशी मी काय सांगतोय ते तुमच्या लवकर लक्षात येईल.

सगळ्यात आधी काय शिकायचं? नेम?

नाही. नेम फार पुढे येतो. आधी हाताला चार सवयी लावायच्या. आज जगभर हे चार नियम ज्या रूपात शिकवतात, ते रूप अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलं.

पहिला नियम: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. दुसरा: ज्याला इजा झालेली चालणार नाही, अशा कशाकडेही नळीचं तोंड वळवायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही. तिसरा: नेम लक्ष्यावर बसून गोळी झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. चौथा: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

नियम पाठ करायला पाच मिनिटं लागतात, अंगात मुरायला कित्येक महिने. त्यांची रचना मला फार शहाणपणाची वाटते, कारण ते एकमेकांना सांभाळून घेतात. चुकून बोट चापावर गेलं, पण नळी मातीच्या बांधाकडे असेल, तर कोणाला लागत नाही. नळी चुकून वळली, पण बोट बाहेर असेल, तर बार होत नाही. अपघात व्हायला एका वेळी निदान दोन नियम मोडावे लागतात. म्हणून "आज एवढं एकदाच" हे मी कोणाचंच ऐकून घेत नाही.

पण बंदूक रिकामी आहे हे माहीत असेल तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. "रिकामी होती" हे वाक्य अपघातानंतरच ऐकू येतं. भरलेल्या बंदुकीशी माणूस आपोआप जपून वागतो. रिकाम्या समजलेल्या बंदुकीशी तो खेळतो, मित्राकडे रोखून फोटो काढतो, चाप ओढून बघतो.

"मला माहीत आहे" म्हणजे बहुतेक वेळा "मला आठवतंय" एवढंच असतं. आठवण चुकते. मधल्या काळात दुसऱ्या कोणी हात लावलेला असतो. म्हणून बंदूक हातात आली की दर वेळी तपासायची. समोरच्याने तुमच्यादेखत तपासून दिली असली, तरी तुम्ही पुन्हा तपासायची. यात कोणाचा अपमान नाही. मी तपासलेली बंदूक शिकाऊ मुलाने माझ्यासमोर पुन्हा उघडून पाहिली, की मला आनंद होतो.

मग ती नीट कशी तपासायची?

क्रम पाळायचा. मॅगझीनवाल्या, म्हणजे काडतुसांची काढता येणारी पेटी असलेल्या, पिस्तुलात नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, मग आधी मॅगझीन काढायचं आणि नंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत, काडतूस असेल तर ते उडून बाहेर पडतं. स्लाइड मागेच अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, आणि शक्य असेल तर करंगळीच्या टोकाने चाचपायचं. अंधारात किंवा घाईत डोळे फसतात, बोट फसत नाही.

क्रम उलटा झाला की घात होतो. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस आत ढकलते. त्यानंतर मॅगझीन काढून हातात धरलेला माणूस मनापासून समजतो की पिस्तूल रिकामं आहे. ते भरलेलं असतं. नवशिक्यांना मी ही चूक बनावट काडतुसांवर मुद्दाम करून दाखवतो. ते पिवळं प्लॅस्टिकचं काडतूस चेंबरमधून निघालं की समोरचे चेहरे बदलतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाहेर काढून सगळी भोकं मोजायची. दुनळी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघायचा. बोल्टची (चेंबर मागून बंद करणाऱ्या, हाताने ओढायच्या दांड्याची) रायफल असेल तर बोल्ट मागे ओढून चेंबर आणि मॅगझीन दोन्ही पाहायचं.

सेफ्टी लावली की धोका नाही ना?

सेफ्टी हा एक यांत्रिक खटका आहे. तो झिजतो, अर्धवट बसतो, चुकून सरकतो. काही पिस्तुलांना बाहेरून दिसणारी सेफ्टी नसतेच. ती जरूर लावा, पण तिच्या भरवशावर नळी कोणाकडे वळवू नका.

रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, शॉटगन यांत नेमका फरक काय?

लांब नळीची, दस्ता खांद्याला लावून झाडायची आणि नळीत आतून आटे असलेली ती रायफल. तशीच खांद्यावरची, पण आतून गुळगुळीत नळीची आणि साधारणपणे छर्रे झाडणारी ती शॉटगन. दुनळी म्हणतात ती यातलीच. हातात धरून झाडायची ती पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या सिलिंडरमध्ये असतात, बहुधा पाच किंवा सहा. पिस्तुलात ती मुठीतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते.

सेमी-ऑटोमॅटिकचा अर्थ पुष्कळांना चुकीचा माहीत असतो. त्यात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. फक्त पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत घेणं हे काम बंदूक स्वतः करते. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ती फुल ऑटोमॅटिक. ती सामान्य माणसाच्या शिकण्याचा भाग नाही.

रिव्हॉल्व्हरबद्दल एक खास सूचना. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते आणि बार होताना तिथून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो. त्या फटीजवळ बोट असेल तर भाजतं, कापतं. पिस्तुलात त्याच्या उलट, अंगठा मागे सरकणाऱ्या स्लाइडच्या वाटेत ठेवायचा नाही. म्हणून पकड प्रत्येक हत्यारावर वेगळी शिकावी लागते.

गोळी आणि काडतूस एकच ना? चाप ओढल्यावर आत काय होतं?

एकच नाहीत. काडतूस म्हणजे पूर्ण संच: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गच्च बसवलेली गोळी. गोळी हा त्यातला फक्त उडून जाणारा भाग.

चाप ओढला की घोडा किंवा आतला स्ट्रायकर सुटतो आणि फायरिंग पिन प्राइमरवर आदळते. प्राइमरमधलं रसायन नुसत्या आघाताने पेटतं आणि त्याची ज्योत दारूपर्यंत जाते. दारूचा क्षणात वायू होतो. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात हा दाब २३५० बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे हजारपट. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते आणि मागची वाट बंद करते. वायूला पुढे जायला एकच जागा उरते, ती म्हणजे गोळीच्या मागून. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतं.

आजची दारू ही जुन्या काळ्या दारूपेक्षा वेगळी वस्तू आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळताना दाट धूर सोडायची आणि नळीत काजळीचा थर ठेवायची. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि त्यानंतर बंदुकीची घडण बदलत गेली. म्हणूनच काळ्या दारूसाठी बनवलेल्या जुन्या बंदुकीत आजचं काडतूस कधीही घालू नये. तिचं पोलाद त्या दाबासाठी नसतं. आजोबांची बंदूक आधी जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा.

नळीत आटे कशासाठी असतात?

गोळीला फिरकी द्यायला. फिरणारा भोवरा उभा राहतो, थांबला की कलंडतो. गोळीचंही तसंच आहे. आटे नसतील तर लांबट गोळी हवेत कोलांट्या खात जाईल. .२२ रायफलच्या नळीत आट्यांचा एक पूर्ण वेढा साधारण ४० सेंटीमीटरांत पडतो. गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते, म्हणजे ती सेकंदाला ८०० हून जास्त वेळा स्वतःभोवती फिरत असते. एवढ्याशा चिमुकल्या गोळीचा हा हिशेब मी पहिल्यांदा केला, तेव्हा कागदावर दोनदा पडताळून पाहिला होता.

कॅलिबर, बोअर हे आकडे कसे वाचायचे?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या छिद्राचा किंवा गोळीचा व्यास. ".२२" म्हणजे इंचाचे बावीस शतांश, "९ मिलिमीटर" म्हणजे तेवढे मिलिमीटर. पण नुसत्या व्यासावरून काडतूस ठरत नाही. एकाच व्यासाची, पण लांबी, आकार आणि दाब वेगळे असलेली अनेक काडतुसं असतात. त्यामुळे नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं किंवा खोक्यावरचं पूर्ण नाव जुळलंच पाहिजे. "जवळपास सारखं आहे, बसतंय" हे पुरेसं नाही.

शॉटगनचा हिशेब उलटा चालतो. १२ बोअर म्हणजे नळीच्या आत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते: १२ बोअर सुमारे साडेअठरा मिलिमीटर, २० बोअर सुमारे साडेपंधरा. ४१० मात्र या हिशेबात बसत नाही, तो इंचाच्या सहस्रांशातला सरळ व्यास आहे.

याच ठिकाणी एक जीवघेणी चूक होते. १२ बोअरच्या बंदुकीत चुकून २० बोअरचं काडतूस घातलं, तर ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. चाप ओढला तर काहीच होत नाही. माणूस बंदूक उघडतो, चेंबर रिकामं दिसतं, त्याला वाटतं भरायचं राहूनच गेलं. तो १२ बोअरचं काडतूस घालतो. त्या बाराने नळी फुटते, आणि पुढचा हात नेमका तिथेच असतो. याच कारणाने २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवण्याची पद्धत पडली आहे. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत किंवा एका खिशात कधीच ठेवू नका.

धक्का किती बसतो? खांदा निखळतो का?

नीट धरलेल्या बंदुकीने निखळत नाही. धक्का हा गोळीच्या पुढे जाण्याचा मागचा हिशेब आहे. ८ ग्रॅमची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने गेली, तर ९०० ग्रॅमचं पिस्तूल सुमारे ३.२ मीटर वेगाने मागे यायला बघतं. वायूचा जोर त्यात आणखी भर घालतो. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपासची आणि रायफल तीन किलोची, त्यामुळे तिथे हा वेग सेकंदाला ३० सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. बंदूक जितकी जड आणि गोळी जितकी हलकी, तितका धक्का कमी. नवशिक्याला हलकं, छोटं पिस्तूल "सोपं" म्हणून देणारे लोक इथेच चुकतात. छोटं पिस्तूल झाडायला अवघड असतं.

खांद्यावरची बंदूक खांद्याच्या खळग्यात घट्ट दाबून धरायची. मध्ये फट ठेवली तर दस्ता ढकलत नाही, आपटतो.

कानात काही घालायलाच हवं का? दोन-चार गोळ्यांनी काय होतं?

एका गोळीनेही होऊ शकतं. लहानशा .२२ रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या बंदुकांचा १५० ते १६५ पर्यंत. डेसिबलची पट्टी अशी आहे की दहाने आकडा वाढला तर ध्वनीची तीव्रता दहापट होते. अंतर्कर्णातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. माझ्या पिढीतल्या कित्येक जुन्या नेमबाजांच्या कानांत आजही रात्रंदिवस बारीक शिट्टी वाजत असते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतो आहे.

बंदिस्त रेंजमध्ये कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही वापरा. दोन्हींचे आकडे सरळ बेरजेत येत नाहीत, दुसऱ्याने पाचेक डेसिबलची भर पडते, पण तीही हवीच. डोळ्यांना न फुटणाऱ्या काचेचा चष्मा घाला: उडालेली पुंगळी, शिशाचे कण, फुटलेल्या प्राइमरचा वायू, यातलं काहीही डोळ्याकडे येऊ शकतं. बघ्यांनीही दोन्ही घालायचं.

सायलेन्सरने आवाज नाहीसा होतो ना?

नाही. तो साधारण २० ते ३५ डेसिबल कमी होतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका तर तसाच राहतो.

पहिल्यांदा कोणत्या बंदुकीवर शिकावं?

एअर रायफल किंवा .२२ रायफल. माझं हे मत ठाम आहे. आवाज आणि धक्का कमी असला की मेंदू घाबरण्यात गुंतत नाही, शिकण्यात गुंततो. जगातले उत्तम नेमबाज याच वाटेने येतात. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत साडेचार मिलिमीटरचा छर्रा वापरतात आणि मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे छर्राच त्या ठिपक्याच्या नऊपट मोठा.

एअरगनमध्ये दारू नसते, दाबलेली हवा असते. तरीही ती खेळणं नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा नेऊ शकतो. वरचे चारही नियम तिलाही लागू आहेत.

नेम धरताना कुठे बघायचं, लक्ष्याकडे की साइटकडे?

साइट म्हणजे नेम धरायला बंदुकीवर पुढे आणि मागे बसवलेल्या खुणा. उघड्या साइटवर नजर पुढच्या साइटवर स्थिर करायची. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. पुढची साइट धारदार दिसली पाहिजे. मागची जराशी आणि लक्ष्य बरंचसं धूसर दिसेल, दिसू द्या.

हे कोणालाच पटत नाही, म्हणून हिशेब सांगतो. पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर १६ सेंटीमीटर धरा. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर गोळी ६ सेंटीमीटरांहून जास्त बाजूला लागते. पण साइट एकमेकींत बरोबर बसल्या असतील आणि अख्खा हात एक मिलिमीटर सरकला असेल, तर गोळीही तेवढीच, एक मिलिमीटर सरकते. हात थोडा हलणारच, जिवंत माणसाचा हलतोच. त्याच्याशी भांडू नका. साइट एकमेकींत जुळलेल्या ठेवा. रायफलच्या साइट एकमेकींपासून लांब असतात, म्हणून तीच चूक रायफलवर लहान दिसते.

सगळं बरोबर करूनही गोळी खालीच लागते. का?

बहुतेक वेळा चाप ओढण्यात चूक असते. चाप झटक्यात ओढला की अख्खी बंदूक हलते. बोटाचं पहिलं पेर चापावर ठेवून सरळ मागे, हळूहळू वाढता दाब द्यायचा. नेमका कोणत्या क्षणी बार होईल हे आपल्यालाही कळता कामा नये, इतका तो दाब सलग हवा.

दुसरं कारण शरीराची भीती. येणाऱ्या धक्क्याला तोंड द्यायला मनगट आधीच खाली दाबतं, डोळे मिटतात. तुम्हाला ते जाणवतही नाही. मी काय करतो, तर मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं बनावट काडतूस मिसळतो, कुठे ते सांगत नाही. त्यावर चाप ओढला की बार होत नाही, पण नळी टुणकन खाली जाते. शिकणारा स्वतःच बघतो आणि मला बोलावं लागत नाही. मग दिवसाच्या गोळ्या कमी करायच्या. थकलेला आणि घाबरलेला हात वाईट सवयीच शिकतो.

मी उजवा आहे, पण डावा डोळा जोरात आहे. आता?

हे पुष्कळांचं असतं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहान त्रिकोण करा, त्यातून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो तुमचा प्रमुख डोळा. पिस्तुलावर फार अडत नाही, डोकं किंवा हात थोडा वळवून भागतं. खांद्यावरच्या बंदुकीत मात्र नवशिक्याने प्रमुख डोळ्याच्या बाजूने, म्हणजे डाव्या खांद्याने शिकून पाहावं, असं मी सुचवतो.

हात बदलणं अशक्य वाटत असेल, तर हंगेरीच्या कारोली ताकाच यांची गोष्ट आठवा. १९३८ मध्ये सैन्यात असताना हातबाँबच्या स्फोटात त्यांचा उजवा, नेमबाजीचा हात गेला. ते डाव्या हाताने पुन्हा शिकले आणि १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकले.

चाप ओढला पण बार झालाच नाही, तर?

नळी लक्ष्याकडेच ठेवायची आणि थांबायचं, निदान ३० सेकंद. कधीकधी दारू उशिरा पेटते. उघडून बघताना बार झाला तर पुंगळी उघड्या हवेत फुटते. ठासणीच्या बंदुकीत त्याहून बराच जास्त वेळ थांबावं लागतं. थांबून झालं की काडतूस काढून वेगळं ठेवायचं आणि रेंजवरच्या माणसाला द्यायचं.

याहून घातक म्हणजे नेहमीपेक्षा दबका "फुस्स" आवाज आणि जवळजवळ न जाणवलेला धक्का. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळून नळी फुटू शकते. आवाज वेगळा वाटला की लगेच थांबा, बंदूक रिकामी करा, नळी आरपार बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शंका चुकीची निघाली तरी कोणी रागावणार नाही.

गोळी किती लांब जाते?

तुम्हाला वाटतं त्याहून खूप लांब. .२२ ची इवलीशी गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते, मोठ्या रायफलची तीन ते पाच किलोमीटर. शॉटगनचे बारीक छर्रे साधारण २०० मीटरमध्ये पडतात. पाण्यावर, दगडावर, गोठलेल्या जमिनीवर तिरकी आदळलेली गोळी उसळी घेऊन भलत्याच दिशेला जाते. म्हणून लक्ष्यामागे मातीचा उंच बांध लागतो. आणि आनंदाच्या भरात हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. अशा गोळ्यांनी अंगणात उभी असलेली, काही संबंध नसलेली माणसं मेली आहेत. या प्रथेबद्दल माझ्याकडे सौम्य शब्द नाहीत.

रेंजवर कसं वागायचं?

"स्टॉप" किंवा "सीजफायर" कोणीही ओरडलं, अगदी नवख्या मुलाने, तरी सगळ्यांनी त्याच क्षणी थांबायचं. अर्धवट दाबलेला चापही सोडायचा. पुढे लक्ष्यांजवळ माणूस असेल तेव्हा बंदुकीला हात लावायचा नाही, साइट पुसायलाही नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत न वापरत्या बंदुकीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालतात, चेंबर रिकामं असल्याचं लांबूनही दिसावं म्हणून. ही पद्धत सरावातही उचला. बंदूक बिघडली तर ती हातात घेऊन मागे वळू नका. नळी पुढेच ठेवून मोकळा हात वर करा, शिक्षक तुमच्याकडे येईल.

घरी बिनगोळीचा सराव करता येतो का?

येतो, आणि फार उपयोगी पडतो. अट एकच: त्या खोलीत एकही खरं काडतूस नको. बंदूक तपासून घ्यायची, नळी भक्कम भिंतीकडे ठेवायची, आणि सराव संपला की तो संपला. "शेवटचा एकदा" नाही, कारण बंदूक पुन्हा भरून ठेवल्यावर केलेल्या त्या शेवटच्या वेळीच बार होतो. .२२ च्या बंदुकीत बनावट काडतूस घालूनच सराव करा, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होऊ शकतात.

साफसफाई किती वेळा?

ओली झाली असेल तर त्याच दिवशी, एरवी वापरानंतर, आणि तुमच्या बंदुकीचं माहितीपत्रक सांगेल तसं. तेल थोडं लावा, जादा तेल काजळी धरून ठेवतं. खरी काळजी घ्यायची ती शिशाची. प्राइमरच्या धुरात आणि गोळ्यांत शिसं असतं. रेंजवर खाऊ-पिऊ नका, निघताना हात-तोंड थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, ते कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यात अजिबात ढिलाई नको.

बंदूक घरी कशी ठेवायची? मुलं समजूतदार आहेत.

रिकामी, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. कपाटाचा वरचा कप्पा, गादीखाली, जुन्या सुटकेसमध्ये, या सगळ्या जागा मुलांना ठाऊक असतात. मूल कितीही समजूतदार असलं, तरी त्याच्या मित्राबद्दल तुम्ही काय सांगणार? मुलांना एवढं मात्र शिकवा: बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग.

आणि एक गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. घरात कोणी खूप खचलं असेल, जगणं नकोसं झालं असं बोलत असेल, किंवा दारूच्या नशेत तोल सोडत असेल, तर त्या काळापुरती बंदूक घराबाहेर, कायदा परवानगी देईल तिथे ठेवा. मनातली ती लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, पण बंदूक तेवढाही वेळ देत नाही. त्या माणसाशी बोला, डॉक्टरांकडे सोबत जा. पण बंदूक आधी हलवा.

परवाना लागतो का?

नियम देशागणिक बदलतात, काही ठिकाणी एअरगनलाही परवाना लागतो. विकत घेण्याआधीच नव्हे, तर दुसऱ्याची बंदूक नुसती गाडीतून नेण्याआधीही तुमच्याकडचा कायदा अधिकृत ठिकाणी विचारून घ्या. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

पहिल्या दिवशी काय घालून यायचं?

पायांत बंद बूट, डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी, आणि गळ्याशी बंद होणारा सदरा. गळ्याचं कारण ऐका. पिस्तुलातून उडालेली पुंगळी चांगलीच तापलेली असते, आणि ती शेजाऱ्याच्या उघड्या कॉलरमध्ये बरोबर जाऊन पडते. एकदा एका शिकाऊ मुलीच्या सदऱ्यात अशी पुंगळी गेली. ती दचकून वळली आणि तिच्याबरोबर पिस्तूलही वळलं, रांगेतल्या तीन माणसांवरून. बोट बाहेर होतं म्हणून काही झालं नाही. त्या दिवसापासून गोळी हातात देण्याआधी मी प्रत्येकाकडून एक सराव करून घेतो. रिकामं पिस्तूल त्याच्या हातात असताना मी मागून थंड पुंगळी त्याच्या कॉलरमध्ये टाकतो. त्याने नळी पुढेच ठेवायची, बोट बाहेर काढायचं, पिस्तूल टेबलावर ठेवायचं आणि मगच सदरा झटकायचा. बहुतेकांना हे तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. जमलं की आम्ही काडतुसांचं खोकं उघडतो.